जातं गेलं, घागर गेली, मग चालायचं कशासाठी?

आजचं बोलणं आमच्या गटाच्या बैठकीतून निघालं आहे.

मागे गावात तपासणीचं शिबिर झालं. आमच्या गटातल्या एका ताईंची साखर वाढलेली निघाली. वय चाळिशीच्या आत. अंगाने फार जाड नाहीत, फक्त पोट सुटलेलं. त्या रोजाने शेतात जातात, घरी दोन जनावरं आहेत. बैठकीत त्या म्हणाल्या, "साखर बसून खाणाऱ्याला होते म्हणतात. मी तर दिवसभर राबते. मग मला कशी झाली?" कुणालाच उत्तर देता आलं नाही.

त्याच बैठकीत एका सुनेने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. चार मिनिटांत चरबी घालवणारा कार्डिओ, सगळा उड्या मारण्याचा. दुसऱ्या एका वहिनीला पोटाला बांधायचा, घाम काढणारा पट्टा घ्यायचा होता आणि त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज हवं होतं. कोपऱ्यात बसलेल्या आमच्या मावशी हसून म्हणाल्या, "आमच्या काळी एक जातं होतं. त्याला ना मोबाइल लागायचा, ना पट्टा."

त्या दिवशी कर्जाचा निर्णय आम्ही पुढच्या बैठकीवर ढकलला आणि ठरवलं की आधी हे सगळं समजून घेऊ. चरबी कमी करायला कोणता व्यायाम करावा, हा प्रश्न आपल्या आयांना, आज्यांना कधी पडला नाही. तो आपल्यालाच का पडला, हे कळायचं तर थोडं मागे जावं लागेल.

कार्डिओ म्हणजे काय?

कार्डिओ म्हणजे हृदयाचा व्यायाम. ज्या हालचालीने बराच वेळ श्वास वाढलेला राहतो, काळीज नेहमीपेक्षा जोरात चालतं आणि मोठे स्नायू एका लयीत काम करतात, ती हालचाल कार्डिओ. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये 'एरोबिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून चालणं, पळणं, पोहणं, सायकल अशा व्यायामाला जगभर एक नाव मिळालं. नाव नवं, पण काम जुनं. १९६८ मध्ये आपल्या मराठवाड्यातल्या कितीतरी बायका पहाटे चारला उठून हेच काम करत होत्या.

जातं आणि आड

मावशींकडून ऐकलेलं सांगतो. पहाटे कोंबड्याच्या आधी उठायचं. दोघी समोरासमोर बसायच्या, एक पाय लांब, एक दुमडलेला, दोघींचे हात एका खुंट्यावर. पाच-सहा माणसांच्या घराला रोजची ज्वारी दळायला तास-दीड तास लागायचा. जातं बोथट झालं की टाकी लावून घ्यायची. सणाला पुरणाची डाळ भरडायची, उखळात कांडायचं. दळून झालं की घागरी घेऊन आडावर. पोहरा सोडायचा, चऱ्हाट ओढायचं, डोक्यावर चुंबळ, त्यावर घागर, काखेत कळशी. अशा चार-पाच खेपा. मग भाकरी थापायच्या आणि पायी शेतात.

जातं ओढणं हे भरभर चालण्याच्या तोडीचं काम आहे. दंड, पाठ, पोट, सगळं त्यात येतं. दम लागायचा, पण ओवी म्हणता येईल इतकाच. या ओव्यांचा मोठा साठा हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव फिरून जमवला. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या. त्यात सासर-माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि कष्टाचं दुःखही आहे. म्हणजे दळताना बायका आनंदातच असायच्या असं नाही.

मग गावात डिझेल इंजिनाची पिठाची गिरणी आली, पुढे विजेची आली. मावशी म्हणतात, गिरणी सुरू झाली तेव्हा त्यांच्या सासूने नारळ फोडला होता. का नाही फोडणार? बाळंतीण असो की तापाने फणफणलेली, दळण चुकत नव्हतं. म्हणून आम्ही आधीच सांगतो, जातं परत आणा असं आम्ही कुणालाही म्हणणार नाही. जातं गेलं ते चांगलंच झालं. पण त्याच्यासोबत रोजची तास-दीड तासाची हालचालही गेली आणि तिची जागा कुणी भरली नाही, हे आपल्या ध्यानात आलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ

आता कुणी म्हणेल, जितके कष्ट जास्त तितकी तब्येत चांगली. तसं नाही. याला साक्ष आहे १९७२ चा दुष्काळ.

त्या साली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यात बायका फार होत्या. आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते त्या हातांनी झालेत. खडी फोडायची, पाटी उचलायची, माती टाकायची. खायला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, आणि कामावर मिळणारी सुकडी. पुढे याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ मध्ये विधिमंडळाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागण्याचा हक्क असा कायद्यात लिहिणारं हे देशातलं पहिलं राज्य.

त्या बायकांच्या अंगावर चरबी नव्हती हे खरं. पण मांसही नव्हतं, रक्तही नव्हतं. पोटात अन्न नसताना शरीर नुसती चरबी जाळत नाही, स्नायूही खातं. त्याला व्यायाम म्हणत नाहीत, झीज म्हणतात.

ही गोष्ट आजही लागू आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. काही बायकांना तर दोन्ही आहे. पोट सुटलेलं आणि रक्त नऊ. म्हणून व्यायाम निवडण्याआधी रक्त तपासा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. अशा बाईने उपास करून उड्या मारल्या तर चरबीच्या आधी तीच खाली बसेल. तिला आधी लोहाच्या गोळ्या, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी, जमेल तर अंडं द्यायचं, आणि सुरुवात सावकाश चालण्याने करायची.

भूकंपानंतरची मोठी गावं

पुढचं वळण १९९३ चं. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवली.

नवी गावं जुन्या गावठाणासारखी नव्हती. जुन्या गावात भिंतीला भिंत, गल्ली अरुंद, शेजारणीशी उंबऱ्यावरून बोलणं. नव्या गावात रुंद रस्ते, घरं लांब लांब, आणि कितीतरी बायकांना शेत दूर पडलं. पहिली काही वर्षं त्यांना एकटं वाटायचं.

त्याच काळात एक वेगळी गोष्टही घडली. घरांच्या दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. हे काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने उभं केलं. ज्या बायका चावडीसमोरून जाताना पदर पुढे ओढायच्या, त्या इंजिनिअरसोबत घरं बघत गावभर फिरू लागल्या. ग्रामसभेत बोलू लागल्या. पुढे त्यातल्या पुष्कळ जणी बचत गटांत आल्या.

व्यायामाच्या बोलण्यात आम्ही हे का आणलं? कारण आपल्याकडे बाईला चालायला पाय आहेत, रस्ताही आहे. अडचण असते ती बिनकामाचं चालण्याची. घागर, विळा किंवा डबा हातात असला की बाई कुठेही गेली तरी चालतं. रिकाम्या हाताने भरभर चालणारी बाई दिसली की लोक विचारतात, "कुठं निघालात?" किल्लारीच्या भागातल्या बायकांनी गावात फिरण्याचा हक्क पहिल्यांदा कामासाठी मिळवला. तो स्वतःच्या तब्येतीसाठी मिळवणं अजून बाकी आहे.

पाणी आलं, यंत्रं आली

पाण्याची कथा तर आपल्याला तोंडपाठ आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यात पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात रात्री दोनला उठून टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना कुणी 'तुमचा छान व्यायाम झाला' म्हटलं असतं तर त्यांनी घागरच फेकून मारली असती. झोप नाही, मानेवर ओझं, डोक्याला घोर, असं ते पाणी भरणं होतं.

आता बऱ्याच गावांत नळ आला आहे, बोअरला मोटर आहे. शेतात सोयाबीन वाढलं. पेरणी ट्रॅक्टरने, तणाला फवारणी, काढणीनंतर मळणी यंत्राने. बाजाराला मोटरसायकलवर मागे बसून. हे सगळं चांगलं आहे. पण आमच्या ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आम्ही त्यांच्यासोबत बसून वर्षाचा हिशोब मांडला. खुरपणी आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत पाठ मोडेपर्यंत काम. मग हरभऱ्याची काढणी. मध्ये आणि नंतर कितीतरी आठवडे मजुरीच नाही. शिवाय खुरपणी म्हणजे एका जागी बसून सरकत जाणं. त्याने गुडघे आणि कंबर दुखते, अंग थकतं, पण सलग अर्धा तास श्वास वाढलेला राहत नाही. थकणं वेगळं आणि काळजाला चाल मिळणं वेगळं. त्यात ज्वारीच्या भाकरीची जागा रेशनच्या तांदळाने आणि गव्हाने घेतली, तेल सढळ झालं, आणि दिवसाला चहा पाच-सहा कप.

लंडनची बस आणि पुण्याजवळची बाळं

दुसरं अर्धं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांकडे जावं लागतं.

१९५३ मध्ये लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी बसमधल्या माणसांचा अभ्यास छापला. लंडनची बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो, रोज पाचशे-सातशे पायऱ्या. घर सारखं, पगार जवळपास सारखा. तरी हृदयविकाराचा झटका ड्रायव्हरांना जास्त आणि जीवघेणा. रोजच्या साध्या हालचालीने हृदय वाचतं, हे दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास.

पुढे १९५६ मध्ये त्यांनी या लोकांच्या गणवेशाची मापं काढली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर सगळ्या वयांत कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, अगदी नोकरीच्या सुरुवातीपासून. म्हणजे सगळा फरक कामाने पडला नव्हता, काही आधीचाही होता. पण शिंप्याची टेप पोटाबद्दल खरं सांगते, हे त्यातून दिसलं.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बायका आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या आणि अंगाने बारीक. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्या बाबतीत लहान होती, स्नायू कमी होते. पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारी, पण आत चरबी राखणारी बाळं. आईच्या पोटात असताना अन्न कमी पडलं की शरीर असं घडतं, असं त्यातून पुढे आलं.

याच याज्ञिक डॉक्टरांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

म्हणून बारीक दिसणाऱ्या बाईलाही साखर होऊ शकते. आपल्याकडच्या बायकांसाठी धोक्याची खूण वजनकाट्यापेक्षा कमरेवर आधी दिसते. कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांपेक्षा जास्त असेल तर सावध व्हायचं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजायचं. टेप प्रत्येक गटात आहे, ब्लाउज शिवणाऱ्या ताईकडे.

हे कळल्यावर आमच्या ताई म्हणाल्या, "म्हणजे माझी चूक नव्हती." नव्हतीच. पण उपाय त्यांच्याच हातात होता.

मग कोणता व्यायाम?

आधी दोन गैरसमज काढून टाकू.

पहिला, पोटाचा व्यायाम केला की पोटाची चरबी जाते. चरबी एका जागेवरून ठरवून काढता येत नाही. सगळं शरीर मिळून ती वापरतं, कुठली आधी जायची ते शरीर ठरवतं.

दुसरा, घाम म्हणजे वितळलेली चरबी. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी हिशोब मांडून दाखवला की १० किलो चरबी जळते तेव्हा त्यातली ८.४ किलो श्वासातून वायू होऊन बाहेर जाते, उरलेल्याचं पाणी होतं. म्हणजे चरबी जाते ती मुख्यतः नाकातोंडाने. पट्टा बांधून घाम काढला तर फक्त पाणी जातं, आणि तांब्याभर पाणी प्यायलं की वजन परत येतं. हे वाचून दाखवल्यावर त्या वहिनीनेच कर्जाचा अर्ज मागे घेतला.

आता त्या चार मिनिटांच्या व्हिडिओचं. त्याचं मूळ १९९६ मधलं आहे. जपानचे इझुमी ताबाता यांनी तरुण, तयारीच्या खेळाडूंकडून वीस सेकंद पूर्ण जोर, दहा सेकंद आराम, असा प्रयोग करून घेतला. त्यांनी मोजली होती ती दमाची ताकद. चरबी घटवण्याचा तो अभ्यास नव्हता. तरुण, निरोगी, गुडघे धड असलेल्या मुलीने जोराचा व्यायाम जरूर करावा, त्यात वेळ कमी लागतो. पण जोराचा व्यायाम आणि सलग मध्यम व्यायाम यांची तुलना झाली तेव्हा चरबी घटण्यात मोठा फरक निघाला नाही.

म्हणजे व्यायामाच्या प्रकारापेक्षा तो वर्षभर टिकतो का, हे महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंचा. मध्यम म्हणजे किती? चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतकं. जुन्या बायका ओवी म्हणत दळायच्या, त्याहून थोडा जास्त दम.

आम्ही गटात अशी निवड केली:

ज्यांना काही त्रास नाही, त्यांनी भरभर चालायचं, आठवड्यातले पाच दिवस, अर्धा तास. जपानमध्ये शिन्शू विद्यापीठाच्या लोकांनी मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या माणसांसाठी एक सोपी पद्धत काढली. तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. २००७ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात अशा चालण्याने पायांची ताकद वाढली आणि रक्तदाब उतरला. आम्ही घड्याळाऐवजी विजेचे खांब धरले. पाच-सहा खांब जोरात, पाच-सहा खांब सावकाश.

ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी उड्या आणि चढ टाळायचा. त्यांना सायकल बरी. मानव विकास कार्यक्रमात लेकीला मिळालेली सायकल कितीतरी घरांत शाळा संपल्यावर भिंतीला टेकून उभी आहे. आमच्या दोघी तिच्यावर चाळिशीत सायकल शिकल्या.

तरुण पोरींना दोरीवरच्या उड्या, झिम्मा, फुगडी. पंचमीला आणि गौरीला आपण हे खेळतोच, आता आठवड्यातून दोनदा खेळायचं. पाच मिनिटं फुगडी घालून बघा, काळीज सांगेल.

ज्यांना घराबाहेर पडणं जमतच नाही, त्यांना सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या संस्थानच्या शाळांत ते सुरू केले आणि गावोगाव प्रचार केला. न थांबता, एका लयीत घातले तर दमही वाढतो आणि स्नायूही बळकट होतात. पण अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

साखरेची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्या बाईने उपाशीपोटी चालू नये, जवळ गुळाचा खडा ठेवावा, आणि अनवाणी तर मुळीच चालू नये. छातीत दुखलं, चक्कर आली, श्वास घेता येईना, तर तिथेच थांबायचं आणि आरोग्य केंद्र गाठायचं.

आणि दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा एक अभ्यास झाला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यू बरेच कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही.

खरा हिशोब

गटाच्या बाईला हिशोब समजतो, म्हणून हाही सांगतो. साठ किलोची बाई अर्धा तास भरभर चालली की साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. आठवड्याला पाच दिवस चाललात तर नुसत्या चालण्याने एक किलो जायला अडीच-तीन महिने लागतील. आणि चहातली दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी. पाच कप चहा झाला की २००. म्हणजे सकाळचं चालणं चहातच परत जमा.

म्हणून चालणं आणि ताट, दोन्ही सोबत बघायचं. उपाशी राहायचं नाही. चहा दोन कपांवर आणि साखर निम्मी, तेल मोजून, एका जेवणात ज्वारीची भाकर, भात थोडा कमी, डाळ घट्ट.

आमचं काय झालं, तेही खरं सांगतो. पहिल्या दिवशी अकरा जणी निघालो. पारावरून आवाज आला, "कामं संपली का बायांची?" दुसऱ्या आठवड्यात पाच जणी उरलो. मग बैठकीत ठरवलं की बचतीच्या हजेरीशेजारी चालण्याचा रकाना काढायचा. जिच्या सासूला पटत नव्हतं, तिच्या घरी मावशी स्वतः गेल्या. त्या म्हणाल्या, "आपण दळलं ते घरासाठी. हिला तासभर हिच्या काळजासाठी दे." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सून आली.

सहा महिने झाले. काहींचं वजन अगदी थोडं उतरलं, दोघींचं उतरलंच नाही. पण ब्लाउजवाल्या ताईंची टेप जवळपास सगळ्यांच्या कमरेला कमी सांगते. ज्या ताईंची साखर वाढली होती, त्यांच्या पुढच्या तपासणीत ती खाली आली. त्यांची गोळी चालू आहे, ती डॉक्टर सांगतील तोवर चालूच राहील. त्या आता सगळ्यांच्या पुढे चालतात आणि मागे राहिलेल्यांना खांब मोजायला लावतात.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत टेप न्या, सगळ्यांच्या कमरा मोजा आणि वहीत लिहा. मग रस्ता ठरवा, वेळ ठरवा, आणि निदान तिघी मिळून निघा. कुणी विचारलं कुठं निघालात, तर सांगा, चालायला निघालो.